वाळूच्या पट्ट्यावर सोडलेला माणूस

जपानी माणूस मी पहिल्यांदा पाहिला तो वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, रास अल खैमाच्या उत्तरेकडच्या किनाऱ्यावर. जीपमधून उतरून त्याने टोपी काढली आणि आम्हा सगळ्यांना मिळून एकच, कमरेत वाकून नमस्कार केला. माझ्या मनात आलं, हा तर माझ्याहून बुटका आहे. लहानपणापासून ज्याला मी मनातल्या मनात मारत आलो होतो, तो ताडमाड उंच होता.

साठच्या दशकाची शेवटची वर्षं चालली होती. अमिरात हे नाव अजून जन्मायचं होतं. आमच्याकडे शारजाला गेलेला माणूससुद्धा 'दुबईला गेला' म्हणूनच ओळखला जायचा. मी मुंबईहून लाँचने आलो. लाँचवाल्याने आम्हाला खोर फक्कानच्या समुद्रात कमरभर पाण्यात उतरवलं, 'यल्ला, यल्ला' म्हणत हुसकावलं आणि वळून निघून गेला. तिथून डोंगर ओलांडून, कधी चालत, कधी ट्रकच्या मागे बसून मी या बाजूला पोचलो. मॅट्रिक झालेलो, टायपिंग येत होतं, म्हणून वर्षभरात एका कंपनीच्या कॅम्पवर चिकटलो. कंपनी समुद्रात तेल शोधत होती. किनाऱ्यावर पत्र्याच्या दहा-बारा खोल्या, एक मेस, एक गोदाम आणि एक वायरलेस. गोदाम आणि वायरलेस माझ्याकडे. कंपनीला तिथे धक्का बांधायचा होता, त्यासाठी समुद्राचा तळ आणि भरती-ओहोटी मोजायला हा जपानी सहा महिन्यांच्या कॉन्ट्रॅक्टवर आला होता. पंचेचाळिशीचा असेल. बोलायला मऊ, कपडे रोज स्वतः धुणारा.

माझे अब्बा आगवाले होते. आमच्या खाडीकाठच्या गावातले निम्मे पुरुष तेव्हा इंग्रजांच्या बोटींवर असायचे, कोणी वर डेकवर, कोणी खाली भट्टीत कोळसा ओढायला. पूर्वेकडे लढाई पेटली तेव्हा अब्बांची बोट मनिलाच्या बंदरात उभी होती. मी दोन वर्षांचा होतो. त्यानंतर चार वर्षं काहीही खबर नाही. लढाई संपल्यावर शेजारच्या वाडीतला एक खलाशी परत आला. तो अब्बांच्याच बोटीवर होता. अंगावर मांस म्हणून नव्हतं. आमच्या पडवीत बसून, जमिनीकडे बघत त्याने सांगितलं, की बोट जपान्यांनी धरली आणि माणसांना धक्क्यावर गोणी वाहायला लावलं. दिवसभर तांदूळ वाहायचा आणि खायला मूठभर मिळायचा. एकदा अब्बांच्या कमरेला बांधलेल्या फडक्यात थोडा तांदूळ सापडला. त्यांना गुडघ्यांच्या मागे बांबू घालून उन्हात बसवलं. हलले की रायफलीचा दस्ता. दुपारनंतर ते हललेच नाहीत.

अम्मा पडद्याआड बसून ऐकत होती. तिने एकच प्रश्न विचारला, दफन कुठे केलं. त्याला माहीत नव्हतं.

हे ऐकलं तेव्हा मी सहा वर्षांचा. पुढे गावातली पोरं आट्यापाट्या खेळायची तेव्हा मी एकटा जांभ्याच्या गडग्यावर काठीने जपानी मारत बसायचो. मोठा झालो, काठी सुटली, मारणं सुटलं नाही. नमाजात उभा असतानासुद्धा कधी कधी तो बांबू डोळ्यांसमोर यायचा आणि मी दुआ मागायचो ती चांगली दुआ नसायची.

कॅम्पवरच्या लाँचचा इंजिन ड्रायव्हर फिलिपिनो होता. त्या काळात तिकडे फिलिपिनो माणूस विरळाच. तो एका अमेरिकन ड्रिलिंग कंपनीबरोबर आला आणि ती गेल्यावर मागे राहिला. सगळे त्याला मनिलावाला म्हणायचे. तो खरा मनिलाचा नव्हता, त्याच्या दक्षिणेला बातांगास म्हणून प्रांत आहे तिथला. आडवा बांधा, केसांना भरपूर तेल, गळ्यात शर्टाच्या आत क्रूस. आमची दोस्ती भातावरून झाली. मेसमध्ये बाकीचे रोटी-ब्रेडवाले, भात मागणारे आम्ही दोघंच. माझ्याकडे गावची सुकट असायची. ती त्याने पहिल्यांदा खाल्ली तेव्हा डोळे मिटले. म्हणाला, त्याच्या आईकडे अशीच असते, फक्त वर आंबवलेला सिरका टाकतात. तो मला 'पारे' म्हणायचा, म्हणजे त्यांच्यातला यार. मी त्याला भाई म्हणायचो. बोलणं मोडक्या इंग्रजीत, मध्ये मध्ये हिंदी.

अब्बांची गोष्ट मी त्याला पहिल्याच महिन्यात सांगितली. तो म्हणाला, लढाईच्या दुसऱ्या वर्षी तो मामाबरोबर नारळ विकायला मनिलाला गेला होता. तिथे धक्क्यावर काळसर रंगाची परदेशी माणसं, डोक्याला फडकी बांधून, गोणी वाहताना त्याने पाहिली होती. "तुझा बाप त्यांत असेल किंवा नसेल," तो म्हणाला. "पण ती माणसं मी पाहिली आहेत." माझ्या आयुष्यात ते बंदर पाहिलेला हा दुसरा माणूस. त्या दिवसापासून तो मला सख्ख्या भावासारखा वाटू लागला. स्वतःचं मात्र त्याने काही सांगितलं नव्हतं.

जपानी आल्यावर पहिल्याच आठवड्यात आम्ही लाँचने निघालो. सुकाणूवर आमचा नाखुदा, पूर्वी मोत्यांसाठी बुड्या मारणारा म्हातारा अरब. इंजिनवर मनिलावाला. यंत्रांची यादी जुळवायला मी. जपान्याने मनिलावाल्याला विचारलं, तू कुठला. त्याने देश सांगितला. जपानी हसला, पाण्याच्या कॅनकडे बोट दाखवून म्हणाला, "तुबिग." त्यांच्या भाषेत पाणी.

मनिलावाल्याने कप भरून दिला. कॅनचं झाकण सावकाश लावलं. त्याने विचारलं, हा शब्द कुठे शिकलात. "बातांगास," जपानी म्हणाला. म्हणून झाल्यावर, आपण काय बोललो ते त्याला स्वतःलाच जणू ऐकू आलं. हसू विरलं. कप हातात तसाच धरून तो समुद्राकडे तोंड करून बसला.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार, सुट्टी. जुम्म्याहून आल्यावर मी गोदामाच्या सावलीत बसलो होतो. मनिलावाला येऊन शेजारी बसला आणि न विचारता सांगू लागला.

त्याचे वडील शाळामास्तर. गावातल्या कचेरीच्या फाटकावर जपानी पहारेकरी असायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याने त्याच्यापुढे वाकायचं असा नियम होता. एके दिवशी मास्तर वाकले, पण काखेत पुस्तकं होती म्हणून पुरेसे वाकले नाहीत. आधी थोबाडीत बसली. मग त्यांना चौकातल्या झेंड्याच्या खांबाला बांधलं, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. येणाऱ्या-जाणाऱ्यांत त्यांचे विद्यार्थी होते. मनिलावाला तेव्हा चौदा वर्षांचा. नारळाच्या करवंटीत पाणी घेऊन तो खांबापाशी गेला. पहारेकऱ्याने करवंटी त्याच्या हातातून घेतली, त्याच्याकडे पाहिलं आणि पाणी जमिनीवर ओतलं. भसकन नाही, हळूहळू, झाडाला घालावं तसं.

त्यातून मास्तर वाचले. पण लढाई संपत आली तेव्हा सैनिकांनी गावातले पुरुष देवळात, म्हणजे त्यांच्या चर्चमध्ये गोळा केले. दाराशी एक माणूस उभा केला होता, गावातलाच कोणीतरी, डोक्यावर विणलेली पिशवी पालथी घातलेला, डोळ्यांपुरती दोन भोकं. एकेक पुरुष त्याच्यासमोरून जायचा. पिशवी हलली की तो माणूस बाजूला. मास्तरांसमोर पिशवी हलली. पुढे काही दिवसांनी गावाबाहेरच्या नारळीच्या बागेतल्या विहिरीवर माश्या घोंगावू लागल्या, तेव्हा कळलं.

मी विचारलं, पिशवीतला माणूस कोण होता.

"वीस वर्षं शोधतोय," तो म्हणाला. "पिशवीला चेहरा नसतो, पारे. याला आहे."

त्याला जपान्याला मारायचंच होतं. समुद्रात ढकलायचं, बस्स. मी त्याला अडवलं असं इथे लिहायला मला आवडलं असतं. मी म्हणालो, एका मिनिटात संपेल. त्याला कळणारसुद्धा नाही कशासाठी. आणि आपण दोघं फासावर. मग मीच म्हणालो, एक दिवस. एक पूर्ण दिवस, उन्हात, पाण्याशिवाय. तुझ्या बापाला दिला तसा आणि माझ्या बापाला दिला तसा. कल्पना माझी होती. इतक्या वर्षांत हे मी अम्माशिवाय कोणाला कबूल केलं नव्हतं. नाव निघालं की ते मनिलावाल्याचंच निघू द्यायचो.

किनाऱ्यापासून लाँचने चाळीस मिनिटांवर वाळूचा एक पट्टा होता, ओहोटीला उघडा पडणारा आणि भरतीला गुडघाभर पाण्यात जाणारा. तिथे जपान्याने भरती मोजायची खुणांची पट्टी रोवली होती. आठवड्यातून दोनदा पहाटे लाँच त्याला तिथे सोडायची आणि दुपारी बाराला आणायची. बरोबर ऊन अडवायला ताडपत्री आणि पाण्याचा मोठा कॅन.

जूनमध्ये नाखुदाच्या मुलीचं लग्न निघालं. तो तीन दिवस डोंगराखालच्या आपल्या गावी गेला. लाँच मनिलावाल्याच्या ताब्यात आली. त्यांतल्या दुसऱ्या दिवशी पहाटे तो जपान्याला पट्ट्यावर सोडून आला. ताडपत्री आणि कॅन लाँचमध्येच राहिले, इंजिनच्या झाकणाखाली. जपान्याकडे त्याचा स्वतःचा छोटा थर्मास तेवढा होता.

मनिलावाला परतला आणि लगेच इंजिन उघडून बसला. गोणपाट अंथरून त्याने एकेक सुटा भाग त्यावर ओळीने मांडला, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा. बारा वाजता कॅम्पचा बॉस, एक इंग्रज, मेसकडे जाताना माझ्या खिडकीशी थांबला. लाँच का निघाली नाही? मी म्हटलं, इंजिन ट्रबल, सर, दोन तास लागतील. तो म्हणाला, मग कोळ्यांची एखादी होडी पाठव. मी म्हटलं, सगळ्या समुद्रात आहेत. माझ्या खिडकीतून त्या दिसत होत्या. चार होड्या, दक्षिणेला वाळूवर ओढलेल्या, आणि कोळी त्यांच्या सावलीत जाळी शिवत बसलेले.

मग मी जेवलो. भात आणि माशाचं कालवण. मला ते जेवण गोड लागलं, इतकं की मी परत भात मागून घेतला. बापाच्या खुन्यांपैकी एकाला उन्हात बसवून आलेल्या माणसाचा घास अडतो असं लोकांना वाटतं. माझा अडला नाही.

दुपारी दोनला पत्रे तडतड वाजायला लागले. गोदामाच्या दाराबाहेर भिंतीला थर्मामीटर टांगलेला होता. मी दर थोड्या वेळाने उठून बघून यायचो. पारा चढला की मला बरं वाटायचं. आता ओठ फुटले असतील, असं मी स्वतःशी म्हणायचो. आता जीभ टाळूला चिकटली असेल. आता थर्मास उलटा करून बघत असेल. सहा वर्षांचा असताना जे काठीने करत होतो, ते आता खुर्चीवर बसून करत होतो आणि समोर खरा माणूस होता.

तीनच्या पुढे बॉस चिडून परत आला. मनिलावाल्याने इंजिन जोडायला घेतलं. साडेतीनला आम्ही निघालो. माझं लाँचवर काही काम नव्हतं. यंत्रं उचलायला मदत, असं मी सांगितलं.

भरती आली होती. पट्टा दिसतच नव्हता. लांबून दिसला तो समुद्रात उभा असलेला माणूस, गुडघ्यापर्यंत पाण्यात, खांद्यावर तीन पायांच्या तिकाटण्यासकट आपलं मोजणीचं यंत्र घेऊन. मीठपाण्याने ते बिघडू नये म्हणून त्याने ते खाली ठेवलंच नव्हतं. आम्हाला पाहून त्याने हात केला नाही. मनिलावाल्याने तीसेक हातांवर इंजिन बंद केलं. लाँच जागच्या जागी डुलत राहिली.

जपान्याचा चेहरा लालबुंद झाला होता, ओठांवर पांढरी साल. त्याने काहीतरी म्हटलं, आवाज आला नाही. परत प्रयत्न केला.

"तुबिग."

मनिलावाला कॅन उचलून नाळेवर, लाँचच्या पुढच्या टोकाशी, जाऊन उभा राहिला. इंग्रजीत म्हणाला, "वाक."

जपान्याने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्याला सगळं कळलं. कळलं ते मी पाहिलं, आणि तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा क्षण होता असं मला तेव्हा वाटलं. यंत्र खांद्यावर तसंच ठेवून तो वाकला.

"आणखी."

तो आणखी वाकला. तिकाटण्याचे पाय पाण्याला टेकले.

"आणखी."

त्याचं कपाळ समुद्राला लागलं. तेव्हा मनिलावाल्याने कॅनचं झाकण फिरवलं आणि पाणी समुद्रात ओतलं. हळूहळू. मोठा कॅन होता, बराच वेळ लागला. गोड्या पाण्याचा खाऱ्या पाण्यात पडण्याचा आवाज होत राहिला. जपानी मान वर करून त्या धारेकडे बघत होता. मी हसलो. माझ्या तोंडातून हसू फुटलं आणि मला ते थांबवता येईना. मग मी ओरडलो, "माझ्या बापाला कुठे पुरलंत?" मी दिवसभर इंग्रजी टाइप करणारा, वायरलेसवर इंग्रजी बोलणारा माणूस, पण हे निघालं ते आमच्या घरच्या बोलीत. तिथे असलेल्या दोघांतल्या एकालाही ते कळलं नाही.

जपानी आधी गुडघ्यांवर बसला, मग तोंडावर पडला. यंत्र पाण्याखाली गेलं.

मनिलावाला हलला नाही. मीही हललो नाही. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. फार झाला असेल असं नाही, पण 'लगेच' म्हणता येणार नाही इतका नक्की झाला. मग मनिलावाल्याने उडी टाकली. मला वाटलं होतं, कोणी टाकलीच तर मी टाकेन. त्याने त्याला कॉलरला धरून लाँचपाशी ओढत आणलं. तो त्याच्या भाषेत शिव्या देत होता आणि रडत होता. दोघांनी मिळून आम्ही त्याला आत घेतलं.

लाँचवर पिण्याच्या पाण्याचा थेंब नव्हता. ओतताना आम्हाला हे सुचलं नव्हतं. चाळीस मिनिटं मनिलावाला आपला शर्ट समुद्रात बुडवून त्याच्या डोक्यावर, छातीवर पिळत होता आणि मी सुकाणू धरून बसलो होतो. मला भीती वाटत होती. माणूस मरेल याची भीती आणि आपण पकडले जाऊ याची भीती, यांतली मोठी कोणती, ते मी स्वतःला विचारलं नाही.

तो मेला नाही. शहरातून डॉक्टर आला, बाटल्या लावल्या, पाच दिवस तो पडून होता. सहाव्या दिवशी बॉसने आम्हा दोघांना त्याच्या खाटेपाशी बोलावलं आणि त्याला विचारलं, काय झालं. आम्ही उभे होतो. मी मनात तयारी करून ठेवली होती: विचारलं तर सांगायचं, हो, केलं, आणि का केलं तेही सांगायचं. ते सांगायची मला खुमखुमी होती.

जपानी म्हणाला, इंजिन बिघडलं. ड्रायव्हरचा दोष नाही. ताडपत्री आणि कॅन उतरवून घ्यायला तो स्वतःच विसरला.

त्याचा जितका राग मला त्या क्षणी आला तितका आधी कधीच आला नव्हता. आम्ही त्याला शिक्षा दिली होती आणि त्याने ती अपघात करून टाकली. माझ्या अब्बांचं नाव त्या खोलीत निघायला हवं होतं, ते त्याने निघू दिलं नाही. बॉस म्हणाला, ठीक आहे, खलास, कामाला लागा.

नाखुदा लग्नाहून परतला तो थेट गोदामात आला. कोळ्यांनी त्याला सांगितलं होतं, त्या दिवशी होड्या किनाऱ्यावर होत्या, कोणी विचारायला आलं नाही. मला वाटलं होतं, हा तरी आमच्या बाजूचा. जपानने शिंपले पाळून पिकवलेल्या स्वस्त मोत्यांनी याचा धंदा बुडवला होता. बुड्या मारून कान गेलेला हा माणूस जपानचं नाव निघालं की वाळूत थुंकायचा. तो आवाज न चढवता म्हणाला, "समुद्रात माणूस टाकून येत नाहीत. जमिनीवर त्याचा गळा काप, मी विचारणार नाही." त्यानंतर त्याने मला लाँचवर पाय ठेवू दिला नाही. सामानाची यादी मी किनाऱ्यावर उभा राहूनच करायचो.

महिन्याभरात मनिलावाल्याने दुसरीकडे काम शोधलं, बहरीनकडे. जायच्या दिवशी मी त्याला सुकटीचं पुडकं दिलं. जीप उभी होती. मी विचारलं, समाधान झालं का.

"नाही," तो म्हणाला. "एक दिवस पुरत नाही."

"मग उडी का मारलीस?"

"मी नाही मारली. माझे पाय गेले." मग मला मिठी मारून तो जीपमध्ये चढला. कागदावर त्याच्या गावचा पत्ता लिहून दिला होता.

जपान्याचं कॉन्ट्रॅक्ट संपलं तेव्हा तो सामान परत करायला गोदामात आला. मीठपाण्यात गेलेलं ते यंत्र निकामी झालं होतं. फॉर्मवर कारणाच्या रकान्यात त्याने लिहिलं, स्वतःचा निष्काळजीपणा. मग पेन खाली ठेवून म्हणाला, "ड्रायव्हरचं मला समजतं. तुझं काय होतं?"

मी सांगितलं. बोट, गोणी, फडक्यातला तांदूळ, बांबू. त्याने उभ्यानेच सगळं ऐकलं. बोटीचं नाव विचारलं, महिना विचारला. म्हणाला, तो बंदरावर कधीच नव्हता. त्याची नेमणूक बातांगासलाच होती, शेवटपर्यंत. मग म्हणाला, एकदा एका चर्चच्या दारावर पहारा दिला होता. "मी आत गेलो नाही," तो म्हणाला.

मी विचारलं नाही कोणतं चर्च. त्या प्रांतात चर्च पुष्कळ असतील.

तो टेबलाच्या बाजूला सरकला, हात मांड्यांना लावले आणि वाकू लागला. मी म्हटलं, "वाकू नका. इथे सही करा." त्याने सही केली. मी फॉर्मची प्रत फाडून त्याच्या हातात दिली आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं.

मनिलावाल्याला मी पत्र लिहायला घेतलं होतं. चर्चच्या दाराचं वाक्य लिहून झालं आणि मी कागद फाडला. पाण्यातून आपण ज्याला ओढून काढलं तो कोण होता, हे त्याला कळायला नको होतं.

आता मी थोरल्या मुलाकडे दुबईत, अल बर्शाला असतो. रास अल खैमाला जायला दीड तासही लागत नाही, पण मी जात नाही. मागे नातवंडांनी जपानी हॉटेलात जेवायचा बेत केला. मी नाही म्हटलं. नातू म्हणाला, "बट व्हाय, दादा?" मी म्हटलं, मला कच्चा मासा आवडत नाही. सगळे हसले आणि गेले. ऐंशी पार झालो. लोक म्हणतात, वय झालं की राग निवतो. माझा निवला नाही; सांगायला माणसं उरली नाहीत, एवढंच.

त्या उन्हाळ्यानंतर सहा महिन्यांनी मी रजेवर गावी गेलो. मी बोटीत असल्यापासून ठरवून ठेवलं होतं, की हे अम्माला सांगायचं. मला तिच्याकडून काय हवं होतं? शाबासकी हवी होती, खोटं कशाला बोलू. ती मागच्या दारी बसून जवळा निवडत होती. मी शेजारी बसलो आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. तिचे हात थांबले नाहीत.

"किती वेळ ठेवलात?" तिने विचारलं.

"पहाटेपासून असरच्या नमाजापर्यंत."

"कमी ठेवलात," ती म्हणाली.

मला हवं होतं तेच ती बोलली होती, आणि ते ऐकून मी तिच्यापासून जरा सरकून बसलो. एवढा वेळ माझा राग मी एकट्याचा समजत होतो. तिच्या रागापुढे तो काहीच नव्हता. ती बावीस-तेवीस वर्षं चूल, शेरडं, माझी शाळा करत होती आणि त्याखाली हे जसंच्या तसं होतं.

जवळा निवडून झाला. सूप बाजूला ठेवून तिने हात पुसले.

"त्याला बायकापोरं आहेत?"

मी म्हटलं, माहीत नाही.

"विचारायचं होतंस," ती म्हणाली.

ते तिने कोणत्या अर्थाने म्हटलं, ते मी तेव्हा विचारलं नाही. पुढे ती अकरा वर्षं जगली. मी दर दोन वर्षांनी रजेवर जायचो, पण आमच्यात तो विषय पुन्हा कधी निघाला नाही.